फाटकाबाहेरचा मुलगा

(आश्रमशाळांतील शिक्षक व अधीक्षक-अधीक्षिका यांच्या मेळाव्यातील भाषण)



धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी गणित शिकवत होतो. सातपुड्यात होळी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. नववीतला एक मुलगा त्या वर्षी बावा झाला होता. त्याची पाळणी संपेपर्यंत शाळेला आठ दिवस उशीर झाला. परतला तेव्हा कानामागे राखेचे पांढरे ठिपके तसेच होते. मुख्याध्यापकांनी फाटकातच अडवलं. "बापाला घेऊन ये, मगच आत."

बाप बारडोलीकडे ऊसतोडीला होता.

पत्र्याच्या पेटीवर तो संध्याकाळपर्यंत बसून राहिला. वर्गाच्या खिडकीतून मला दिसत होता. मी वर्गसमीकरणं शिकवत राहिलो. दिवेलागणीला पाहिलं तर पेटीही नव्हती. पुढच्या हंगामात कळलं, तोही बापाबरोबर कोयता घेऊन गेला.

त्याला कोणी छडी मारली नव्हती, म्हणून हे हक्काचं प्रकरण आहे असं मला तेव्हा वाटलंच नाही. शिस्तीचा भाग, एवढंच. मी एक शब्द बोललो असतो तर मुख्याध्यापकांनी ऐकलं असतं. माणूस वाईट नव्हता.

आता कायद्याचं बोलतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारहाण आणि मानसिक छळ यांना बंदी केली. प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. दाखला मागितला तर मुख्याध्यापकानं तो लगेच द्यायचा असतो. पण हा कायदा 6 ते 14 वर्षं वयासाठी, म्हणजे आठवीपर्यंत. त्या मुलाचा भाऊ सातवीत होता. त्याला कायद्याचं छप्पर होतं, थोरल्याला नव्हतं. आणि आपल्याकडची मुलं गळतात ती नेमकी नववी-दहावीत!

म्हणून तिथं काहीच नाही असं मात्र समजू नका. बाल न्याय कायदा आणि पॉक्सो, दोन्ही 18 वर्षांपर्यंत लागू आहेत. अधीक्षिकाताई, हे तुमच्यासाठी: मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. "आधी संस्थेत विचारू" म्हणून दडवलं, तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्‌भावनेनं कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

तक्रारपेटी सगळीकडे आहे, मला माहीत आहे. बहुतेक ठिकाणी ती मुख्याध्यापकांच्या दारावर असते आणि किल्ली त्यांच्याच खिशात. मग मुलांनी चिठ्ठी टाकायची कुणाविरुद्ध? शिवाय पावरीत बोलणारी मुलगी मराठीत तक्रार लिहिताना आधी शुद्धलेखनाला घाबरते. पेटी मुलींच्या खोल्यांकडे हलवा, उघडताना गावातली एखादी आई बसवा, आणि 1098 हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. मुलांच्या हाताला फोन लागेल असंही बघा, नाहीतर नंबर नुसता शोभेचा.

होळी तीन आठवड्यांवर आली आहे. उशिरा येणाऱ्याला आधी आत घ्या, जेवायला घाला. चौकशी दुसऱ्या दिवशी. आज जेवणानंतर नववी-दहावीच्या हजेरीपटातून, ज्यांचे आईबाप उसाला गेलेत त्यांची नावं एका कागदावर उतरवा. ते कागद मी स्वतः गोळा करणार आहे.