दूरची लढाई आणि घरचा हिशेब



लढाई पुकारणारा एक आणि तींत मरणारा दुसरा, ही जगाची जुनी चाल आहे. पहिल्या महायुद्धांत आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या. नांगर सोडून गेलेल्या त्या पोरांच्या आईबापांस "ही लढाई व्हावी काय?" असें कोणीं पुसलें? कोणींच नाहीं! तोच प्रश्न अमेरिकेच्या रयतेनें आपल्या सरकारास कसा विचारला, ती हकीकत ऐका.

१९६५ सालीं अमेरिकेनें व्हिएतनामांत पायदळ उतरविलें. तेव्हां बहुतेक लोक सरकारच्या बाजूचे होते. पुढें तेथें पांच लाखांवर शिपाई गेले. भरती सक्तीची होती. पण कॉलेजांत शिकणाऱ्यास सवलत मिळे. म्हणजे ज्याच्या बापाजवळ फीचे पैसे, त्याचा मुलगा वर्गांत. मजुराचा, गरीब शेतकऱ्याचा, काळ्या माणसाचा मुलगा चिखलांत! विद्येची मक्तेदारी काय करते, हें तुम्हांस मीं सांगावयास नको.

लोकमत एका दिवसांत फिरलें नाहीं. गांवोगांव शवपेट्या येऊं लागल्या. टेलिव्हिजनवर जळतीं खेडीं घरबसल्या दिसूं लागलीं. १९६७ च्या एप्रिलांत मार्टिन ल्यूथर किंग यांनीं न्यूयॉर्कच्या चर्चमध्यें सांगितलें कीं, गरिबांच्या कामीं यावयाचा पैसा ही लढाई गिळीत आहे. त्याच महिन्यांत मुष्टियोद्धा महंमद अली यानें पलटणींत जाण्याचें नाकारलें. त्याचें अजिंक्यपद गेलें, पांच वर्षांची शिक्षा झाली. ती १९७१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रद्द केली.

सरकार म्हणे, जय जवळ आला. पण १९६८ च्या जानेवारीअखेर शत्रूनें शंभरांवर शहरांवर हल्ले केले आणि त्या बोलण्यावरचा विश्वास उडाला. त्याच ऑगस्टांत निम्म्याहून अधिक लोकांनीं "ही लढाई चूक" असें पाहणींत सांगितलें. १९७१ सालीं तर लढून आलेल्या शिपायांनींच आपलीं पदकें संसदेच्या पायऱ्यांवर फेकलीं.

पण बंधूंनो, येथेंच नीट कान द्या. लोकमत फिरल्यावरही अमेरिकेचें सैन्य परत येण्यास १९७३ साल उजाडलें. तेवढ्या काळांत आणखी वीस हजारांहून अधिक अमेरिकन पोरें मेलीं. एकंदर मेलीं अठ्ठावन्न हजारांवर; आणि व्हिएतनामच्या भातशेतांत राबणारीं, आपल्यासारखींच माणसें मेलीं, तीं लाखांनीं. मनांतल्या मनांत मत फिरून भागत नाहीं. तें वेळींच बोललें पाहिजे.

म्हणून कोणीही लढाईची दवंडी पिटली, कीं तीन प्रश्न विचारा. पोरगा कोणाचा जातो? पैसा कोणाचा जातो? आणि सांगतात तें खरें काय? हे प्रश्न विचारावयास वाचतां आलें पाहिजे. मुलगा असो कीं मुलगी, शाळेंत घाला. जो स्वतः वाचीत नाहीं, त्याच्या तोंडीं दुसरा आपलें मत घालतो आणि त्याची किंमत मात्र त्याच्याच घरांतून वसूल होते.