पोरांनो, ही माती आली कुठून?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)

आजचं बोलणं पुढे सतरंजीवर बसलेल्या पोरांसाठी आहे. मोठ्यांनी मागून ऐकावं.

पोरांनो, आपली पूर्णा सातपुड्यातून निघते, अमरावती, अकोला, बुलडाणा करत चांगदेवला तापीला मिळते. या वाटेवर ती तीन कामं करते. खणते, वाहून नेते आणि टाकते.

डोंगरात उतार मोठा, म्हणून पाणी धावतं. सोबत दगड घरंगळतात, तेच नदीचं पात्र खरवडतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की ते ६४ पट वजनाचा दगड हलवू शकतं! म्हणून एरवी गरीब दिसणारा नाला पुरात बैलगाडी लोटून नेतो.

सपाटीवर आलं की पाणी मंदावतं आणि ओझं टाकू लागतं. आधी काय टाकतं? घरी बरणीत मूठभर माती नि पाणी घालून हलवा, मग ठेवून द्या. खडे लगेच तळाशी बसतील, त्यावर रेती, त्यावर गाळ. चिकणमाती सगळ्यात शेवटी बसते. नदीनंही हेच केलं. गोटे सातपुड्याच्या पायथ्याशी टाकले, बारीक माती खाली खोऱ्यात आणली. लाखो वर्षं हे चाललं. पूर्णेच्या खोऱ्यात काही जागी हा भराव शेकडो फूट खोल आहे. त्यावर तुमच्या आजानं ज्वारी पेरली, बाप कपाशी लावतो.

आता मोठ्यांनो, तुम्ही ऐका. पाण्याची हीच रीत तुमच्या वावरात चालते. वरच्या अंगाला बरड आणि खालच्या अंगाला भारी, हे का? पाऊस बारीक, कसदार माती आधी उचलतो, खडे मागे ठेवतो. ओघळीतून नाल्यात, नाल्यातून नदीत माती जाते. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात; जायला काही पावसाळे पुरतात.

आपण कोरडवाहू माणसं. रब्बीची ज्वारी मातीत साठलेल्या ओलीवर येते. माती हीच आपली विहीर. ती उथळ झाली, तर चांगल्या पावसाचं पाणीही राहणार कुठे?

उपाय पाण्याच्या वेगातच आहे. वेग निम्मा केला, की दगड हलवायची ताकद चौसष्टाव्या हिश्शावर येते. म्हणून वखरणी, पेरणी उताराला आडवी करा. धुरे फुटू देऊ नका. ओघळ लहान आहे तोवर तिच्यात दगड रचा.

आणि पोरांनो, तुम्हाला एक काम. पहिला मोठा पाऊस झाला, की वावराच्या खालच्या ओघळीतलं पाणी बाटलीत भरा. रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी बसलेली माती बापाला दाखवा आणि विचारा, "बाबा, हे वावर कोणाचं?"