पोटाचे आरोग्य आणि मनाचे स्वास्थ्य



राग आला की अन्न गोड लागत नाही, चिंता लागली की पोटात गोळा उठतो, हा अनुभव घरोघरचा आहे. शास्त्राला त्याची प्रत्यक्ष साक्ष मिळाली ती मात्र एका अपघातामुळे.

१८२२ च्या जून महिन्यात अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण मजुराला चुकून बंदुकीचा बार लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याचे प्राण वाचविले. परंतु जठरापर्यंत पडलेले छिद्र कायमचे उघडे राहिले. रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून ते छिद्रातून आत सोडावयाचे व ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहावयाचे, असे प्रयोग बोमाँट यांनी केले. सेंट मार्टिन चिडला की त्याचे पचन मंदावते, हे त्यांना डोळ्यांनी दिसले. ही निरीक्षणे १८३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ग्रंथावर नाव डॉक्टरांचे. पोट मात्र एका निरक्षर मजुराचे!

मनाचा परिणाम पोटावर होतो, तसाच पोटाचा मनावरही. जठर व आतडी यांना मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस या चेतेतील बहुसंख्य तंतू पोटाकडूनच मेंदूकडे निरोप नेतात. तथापि अमुक चूर्ण घेतले की चित्त प्रसन्न होते, असे सांगणाऱ्या जाहिरातींना यात कोणताही आधार नाही.

ग्रामीण भागात हा विषय शाळेच्या वर्गातच भेटतो. शौचाने दूषित झालेल्या ओल्या मातीतून अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात व शेवटी आतड्याला चिकटून रक्त शोषतात. मूल फिकट पडते, लवकर थकते, धड्यावर त्याचे लक्ष टिकत नाही. अशा मुलाला ‘मठ्ठ’ ठरवून मागच्या बाकावर बसविले जाते, हा त्याच्यावर अन्याय आहे. दोष बुद्धीचा नसून रक्तक्षयाचा असू शकतो.

२०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळा व अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी विनामूल्य मिळते. गोळीने पोटातील जंत मरतात. मातीतील अळ्या मरत नाहीत. गावात उघड्यावर शौच चालू राहिले, तर काही महिन्यांत तेच मूल पुन्हा बाधित होते. तेथे काम ग्रामपंचायतीचे आहे: शौचालय बांधले एवढ्यावर न थांबता त्यात पाणी आहे काय, ते वापरले जाते काय, हे पाहण्याचे.

गोळीच्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांसाठी थोड्याच दिवसांनी पुन्हा एक दिवस ठेवलेला असतो. हजेरीपटावरून त्यांची नावे काढून ठेवणे शिक्षकांच्या हातचे आहे.