वाचता न येणारे मूल आणि आपला निवाडा



कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. कारण शाळा शिक्षकावर उभी राहते, इमारतीवर नव्हे.

सातारा-सांगलीकडील आपली पुष्कळ मुले घरी दखनी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. असे एखादे मूल 'माळ' ऐवजी 'माल' वाचते, 'पाणी' ऐवजी 'पानी' वाचते. आपण चटकन म्हणतो, "पोरगे मंद आहे." पण 'ळ' हा वर्ण उर्दूत नाहीच. मग दोष मुलाचा कसा?

बी.एड.साठी २०१४ मध्ये आलेल्या राष्ट्रीय आराखड्यात वाचन, सर्व विषयांतील भाषा आणि समावेशक शाळा यांचा वेगवेगळा अभ्यास सांगितला. पुस्तकात हे विषय तीन असले, तरी वर्गात समोर मूल एकच असते.

म्हणून आधी पारख करा. 'नको' हा शब्द दखनीतही आहे. त्यातला पहिला आवाज कोणता, असे विचारा. उर्दू शिकत असेल, तर उर्दूही वाचून घ्या. तिथे जमले, तर मराठीचा सराव हवा, एवढेच. सराव देऊनही दोन्हीकडे अडले, तर डोळे व कान तपासून घ्या आणि मग तज्ज्ञांकडे पाठवा. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्यता दिली आहे. ती म्हणजे बुद्धीची उणीव नव्हे.

'मंद' हा शब्द ऐकून शाळा सोडलेले मूल सहसा परत येत नाही. तो शब्द उच्चारण्यापूर्वी आठवडाभर त्याचे वाचन कान देऊन ऐका, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.