पॅरिसला गेलेला आपला प्रश्न



सुदान देशात 15 एप्रिल 2023 रोजी दोन सेनापतींमध्ये यादवी पेटली आणि एक कोटीहून अधिक माणसे घरादारास मुकली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने मार्च 2024 मध्ये रमझानपुरती तरी शस्त्रसंधी करा असा ठराव केला. लढणाऱ्यांनी तो मानला नाही. नोव्हेंबरमध्ये दुसरा ठराव रशियाच्या नकाराधिकाराने अडला. अशा वेळी ‘ही समिती करते तरी काय?’ असे आपण सहज विचारतो. आदिलाबादकरांना हे विचारण्याचा अधिकार थोडा अधिक आहे, कारण आपला मुलूखच एकदा त्या समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर होता.

गोष्ट 1948 सालची. आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि 1956 मध्ये पलीकडे गेलेले किनवट व राजुरा हे तालुकेही तेव्हा याच जिल्ह्यात मोडत. भारताशी ‘जैसे थे’ करार झालेला होता. पण संस्थानात खरी सत्ता कोणाची, हेच सांगवत नव्हते. लातूरचे वकील कासिम रझवी यांचे रझाकार खेडीपाडी लुटीत होते, तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. भारतात विलीन व्हावे असे लिहिणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्टमध्ये खून झाला. हा झगडा निव्वळ हिंदु-मुसलमानांचा होता असे म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. पैनगंगा ओलांडून माणसे वऱ्हाडात गेली; उमरखेडला स्टेट काँग्रेसची छावणी पडली.

याच ऑगस्टच्या 21 तारखेस निजाम सरकारने सुरक्षा समितीकडे तक्रार धाडली. ती अर्थातच रझाकारांविरुद्ध नव्हती. भारताचा धाकदपटशा व आर्थिक नाकेबंदी यांविरुद्ध होती. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. 16 तारखेस समिती पॅरिस येथे भरली आणि आठ मतांनी, तीन सभासद तटस्थ राहून, विषय दाखल झाला. एका बाजूस नवाब मोईन नवाज जंग, दुसऱ्या बाजूस सर रामस्वामी मुदलियार. वाद झाला तो कायद्याचा. हैदराबाद हे ‘राज्य’ आहे काय? त्याला तक्रारीचा हक्क पोहोचतो काय? दुसऱ्याच दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवली आणि 22 तारखेस तक्रार मागे घेतल्याची तार केली. पुढे मे 1949 मध्ये पुन्हा थोडी चर्चा झाली, निर्णय काहीच झाला नाही, आणि हा विषय मात्र समितीच्या यादीत कित्येक दशके तसाच पडून राहिला.

पोलीस कारवाई अपरिहार्य होती, असे माझे स्पष्ट मत आहे. पण नंतरचे आठवडेही विसरता येत नाहीत. पंडित नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गावोगाव फिरून अहवाल दिला. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड निरपराध मुसलमानांवर उगविला गेला, सत्तावीस ते चाळीस हजार माणसे प्राणांस मुकली असावीत, आणि सर्वांत मोठी झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना लागली, असे त्यात म्हटले होते. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो अभ्यासकांना पाहावयास मिळू लागला तो 2013 च्या सुमारास.

म्हणजे पॅरिसला जे गेले ते एका सरकारचे गाऱ्हाणे होते. सरकारने ते मागे घेताच जगाच्या दृष्टीने प्रकरण मिटले. पैनगंगा ओलांडणाऱ्यांना त्या सभागृहात खुर्ची नव्हती, आणि नांदेडकडील विधवांनाही नव्हती. सुदानमध्ये आज फारसे निराळे नाही. चाड देशातून दारफुरमध्ये धान्य नेण्याचा आद्रे नाका फेब्रुवारी 2024 मध्ये बंद झाला तो सुदान सरकारच्या हुकुमाने, आणि ऑगस्टमध्ये उघडला तोही त्याच सरकारच्या संमतीने, तीन महिन्यांच्या मुदतीवर. मधल्या काळात उपाशी राहिलेल्यांची संमती कोण विचारणार?

आपल्या घरात नव्वदी ओलांडलेले कोणी असेल तर त्यांना विचारावे: नदी कोठे ओलांडली, परत आल्यावर घरात काय उरले होते, शेजारच्या मुसलमान घराचे पुढे काय झाले. उत्तर वहीत उतरवून तारीख घालावी. माझ्या वर्गातील मुलांना हे काम मी दसऱ्याच्या सुटीत देणार आहे.