म्यान केलेली तलवार

पन्नाशी उलटलेल्या आणि कविता लिहिणाऱ्या माणसाने संगणकावरच्या खेळाविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण एका खेळाने मला जे दिले, ते त्याच्याच पुढच्या भागात सापडले नाही. ती चुटपुट आज सांगायची आहे.

बी. ए. झाल्यावर नोकरीच्या आशेने मी संगणकाच्या वर्गाला नाव घातले. सर बाहेर गेले, की फ्लॉपी घालून आम्ही ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ सुरू करायचो. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो १९८९ साली तयार केला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याने त्याचे चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. संगीत वडिलांकडून घेतले. असा तो घरगुती खेळ! राजपुत्र खड्ड्यातल्या सुळ्यांवर पडला, की कळ आपल्याला यायची.

जाफर नावाच्या वजिराने राजकन्येला कोंडलेले असते. तासाभरात तिला सोडवायचे. आमच्या घरी ऐकलेल्या गोष्टींत जाफर हा हारून अल रशीदचा भला वजीर. इथे तो खलनायक! तेवढे मी पोटात घातले.

वाटेत एक आरसा आडवा येतो. राजपुत्र त्यातून उडी मारतो आणि त्याची सावली सुटी होऊन दुसऱ्या बाजूने पळते. पुढे ती त्याला त्रास देते आणि शेवटी तलवार उपसून समोर उभी राहते. आम्ही वार करायचो, पण तिला मारले की आपलेच रक्त कमी व्हायचे. कितीतरी दिवस आम्ही तिथे हरलो. मग एकाने सहज तलवार म्यान केली. सावलीनेही केली. दोघे जवळ आले आणि एक झाले. पुढे नुसती पोकळी होती. तिच्यात पाऊल टाकले, तर पायाखाली फरशी उगवली! त्या दिवशी मी घरी चालत गेलो, बसची आठवणच राहिली नाही.

पुढे हा खेळ एका फ्रेंच कंपनीच्या मॉन्ट्रियलमधील स्टुडिओकडे गेला. त्यांचा २००३ सालचा ‘सँड्स ऑफ टाइम’ मला आवडला. त्याची कथा मेकनरचीच होती. त्यात शत्रू वाळूचे होते, पडले की वाळू व्हायचे. फराह ही महाराजांची मुलगी राजपुत्राला बरोबरीने साथ द्यायची.

२००४ साली ‘वॉरियर विदिन’ आला. यात मेकनर नव्हता. माझा कॉलेजात जाणारा भाचा तो घेऊन मोठ्या उत्साहाने माझ्याकडे आला. पडद्यावर रक्ताच्या चिळकांड्या, धडावेगळी होणारी मुंडकी, कानठळ्या बसवणारे हेवी मेटल. राजपुत्र सारखा चिडलेला. मी तासभर पाहिले आणि विचारले, “हा कोण?”

“मामू, तोच शहजादा. मोठा झालाय.”

मला तसे वाटेना. खेळाची मांडणी कसलेली होती, तलवारबाजी अधिक सफाईची होती, हे मान्य केले पाहिजे. पण तलवार आवरण्यात ज्याचा मोठेपणा होता, त्याच्या हाती यांनी दोन तलवारी दिल्या होत्या. मेकनरनेही पुढे जाहीरपणे सांगितले, की त्यातली हिंसा आपल्याला रुचली नाही.

नाव आणि हक्क विकत घेता येतात. पण त्या गोष्टीचा जीव कशात आहे, हे नव्या माणसाला स्वतःच शोधावे लागते. मुशायऱ्यात दुसऱ्याच्या ओळीवर गझल बांधताना मी हे अनुभवले आहे. वृत्त सांभाळले, यमक जुळले, तरी मूळ ओळीचे दुखणे कळले नसेल, तर शेर पडतो.

२००५ साली तिसरा भाग आला, ‘द टू थ्रोन्स’. भाच्याने रात्री उशिरा फोन केला. शेवटी राजपुत्राचे काळे रूप त्याच्यापुढे उभे राहिले होते.

“कितीही मारलं तरी संपत नाही, मामू.”

“मग मारू नकोस. पाठ फिरव आणि चालू लाग.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्याचा चकित आवाज आला, “तुम्ही हा खेळलात कधी?”