वस्तरा, पाते आणि नावाचे मोल

जर्मनीतील झोलिंगन येथे घडणाऱ्या वस्तऱ्याच्या किमतीत पोलादाचा वाटा थोडा. पाणी देण्याच्या आणि चाकावर घासण्याच्या कुशल श्रमाचा फार मोठा. असा वस्तरा पिढीभर टिकतो, म्हणून गिऱ्हाईक परत येत नाही. टिकाऊपणाच धंद्याच्या मुळावर येतो!

किंग जिलेट यांनी नेमके उलट केले. १९०४ मध्ये त्यांना पेटंट मिळाले ते बदलता येणाऱ्या पातळ पात्याच्या वस्तऱ्याचे. दांडी एकदा विकायची, पाते वारंवार. धार लावण्याचे कौशल्य ग्राहकाला लागूच नये. आपल्याकडील सलूनमध्येही अर्धे पाते अडकवलेला वस्तरा आला तो याच हिशेबाने. हातकाम हरले ते गुणवत्तेत नव्हे.

तरीही झोलिंगन उरले. १९३८ च्या कायद्याने हे नाव त्याच परिसरात घडलेल्या मालासाठी राखले गेले आणि स्पर्धा केवळ किमतीची राहिली नाही. मेरठच्या कात्रीला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१३ मध्ये. मात्र नोंदणी म्हणजे बाजारपेठ नव्हे. नकली माल हुडकणे, दर्जा तपासणे, खटला चालविणे हा खर्च सुटा कारागीर पेलू शकत नाही. तो त्यांच्या संघाने उचलावा आणि आरंभीची काही वर्षे शासनाने त्यात वाटा द्यावा.